लेकीकडून चालणाऱ्या कादंबऱ्या

शकुंतलामावशींची कादंबरी कोणी हातात घेतली, की त्या आधी शेवटचं पान उघडायला लावायच्या. अर्धापूरच्या शाळेतून रिटायर झालेल्या या बाई इतिहासात जादू मिसळून कादंबऱ्या लिहायच्या आणि नांदेडला माझ्या डीटीपीच्या दुकानात शेजारी बसून टाइप करून घ्यायच्या. प्रत्येक कादंबरीच्या शेवटी एक लेक सासरी निघते आणि पुढची कादंबरी तिच्या सासरी सुरू होते. मावशी म्हणायच्या, "आधी बघ, पोरगी कुठं दिली. मग वाच."

पहिलीत कंधारकडच्या एका पाथरवटाची लेक. तिला दगडांचं बोलणं ऐकू यायचं. ती उदगीरला दिली. दुसरीत तिच्या मुलीनं बुरुजाचं ऐकून किल्ल्याचा वेढा मोडला आणि ती चाकूरला सासरी गेली. असंच पुढं. राजे मात्र बिननावाचे. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, राजांची नावं लिहायला भाट काय मेलेत का? बाईंच्या जिभेला हाड म्हणून नव्हतं.

चौथी झाली तेव्हा पुण्याचे एक प्रकाशक चारही छापायला तयार झाले. मावशींचं डायलिसिस सुरू होतं. त्यांच्या डोळ्यांदेखत सगळं छापून येणार म्हणून मीच जास्त नाचले. साहेब दुकानात आले, चहा आला, मग त्यांनी अट काढली. सुरुवातीला राजघराण्याची वंशावळ टाका, म्हणजे चारही भाग जोडलेले वाटतील. आणि चौथीचा शेवट राज्याभिषेकानं करा, लेक सासरी गेली की गोष्ट लोंबकळते.

मावशींनी चहा सावकाश संपवला.

"लोंबकळत न्हाई साहेब, चालून राहिली. राजाच्या वंशावळीत लेकीचं नाव असतं का? मी तेवढंच लिहून राहिले. ते काढलं तर माझी पुस्तकं एकमेकांची कोणी लागत न्हाईत."

मग छापता येणार नाही, असं ते म्हणाले. नका छापू, असं या म्हणाल्या. मला इतका राग आला! अहो, जीव जायला आलाय आणि बाई हट्टाला पेटलीय. पण त्यांनी पर्स उचलली आणि रिक्षा बघायला मला बाहेर पाठवलं.

पावसाळ्याच्या तोंडावर मावशी गेल्या. दिवस झाल्यावर त्यांची मुलगी दुकानात आली होती. ही कॉलेजात शिकवते, आईसारखीच उंच, पण कमी बोलणारी. तेवढ्यात साहेबांचा फोन. आता तरी हट्ट सोडा, राज्याभिषेक घाला, बाईंची आठवण म्हणून लगेच छापतो, असं म्हणू लागले. मुलीनं फोन माझ्या हातातून घेतला.

"राज्याभिषेक होणार न्हाई," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग मला विचारलं, चौथीतली पोरगी कुठं दिलीय?

लातूरला, मी म्हणाले.

"मलाही लातूरलाच दिलीय. खुर्ची दे. पाचवी मी सांगते, तू टाइप कर."