जोतीरामचं बोटीवरचं यंत्र

शाहूपुरीतला जोतीराम रोज दिवेलागणीला दुकानातल्या यंत्रावरून पाकिस्तानच्या लढाऊ बोटींशी बोलतो, अशी कुजबुज पन्नास सालच्या सुमारास आमच्याकडं होती. कोल्हापुरापासून समुद्र कुठं, बोटी कुठं, हे कुणी मनावर घेतलं नाही. एक फौजदार चौकशीलाही येऊन गेला. त्यानं यंत्र चारी बाजूंनी न्याहाळलं आणि जाताना घरचा रेडिओ फुकटात दुरुस्त करून घेतला.

जोतीराम मूळचा पेठ वडगावचा, शेतकऱ्याचा पोरगा. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत तो आणि धाकटा भाऊ गुंडू दोघंही आरमारात गेले, वेगवेगळ्या बोटींवर. जोतीरामच्या हाताखाली असं यंत्र होतं, की दर्यात लांबवर कुणी बिनतारी हाक दिली की ती कुठल्या दिशेनं आली ते कळायचं. शत्रूची पाणबुडी बोलली, की सापडली. लढाई संपल्यावर जोतीराम परत आला. गुंडूची मात्र बेचाळीस सालीच नुसती तार आली होती: बेपत्ता.

धोंडुबाईनं, म्हणजे त्यांच्या आईनं, तेवढा एक शब्द पदरात बांधून ठेवला.

जोतीरामनं शाहूपुरीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं आणि आईला मागच्या खोलीत आणून ठेवलं. मुंबईच्या भंगारबाजारात तेव्हा मोडीत निघालेल्या लढाऊ बोटींचं सामान येई. तिथून गड्यानं हौसेनं तसलंच यंत्र उचलून आणलं. आईनं हे काय करतं म्हणून विचारलं, तर शहाण्यानं सरळ सांगून टाकलं. म्हातारी म्हणाली, मग आमच्या गुंडूची दिशा काढ की.

नशिबानं म्हणा, यंत्रात एक व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओत असते तसली काचेची नळी, नव्हता. घरच्या रेडिओतला त्याला चालत नसे, बोटीवरचाच लागे. जोतीरामला सबब मिळाली. व्हॉल्व्ह मिळाला की लावतो, आये, असं म्हणत तो रोज संध्याकाळी कानाला भोंगे लावून यंत्राशी खुडबुड करत बसे. उंबऱ्याशी घोंगडीवर म्हातारी त्याच्या तोंडाकडं बघत असे, आणि रस्त्यावरून आम्ही सगळे.

चौपन्न साली गुंडू बेपत्ता होऊन बारा वर्षं भरली. भाऊकी म्हणाली, आता दर्भाची बाहुली करून तिला अग्नी द्या, पोराचा जीव मोकळा होऊ द्या. धोंडुबाई तोवर अंथरुणाला खिळली होती. यंत्र बोलल्याबिगर माझ्या पोराला अगीन लागायची न्हाय, एवढंच तिनं सांगितलं.

आमचा हंबीरराव लॉरीवाला. तोंड फटकळ, पण म्हातारीसाठी जीव तुटायचा. जोतीरामच्या नकळत त्यानं रिकाम्या खोबणीवरचा नंबर टिपून घेतला, मुंबईच्या खेपेला सगळा बाजार पालथा घातला आणि कापसात गुंडाळलेला व्हॉल्व्ह आणून म्हातारीच्या पुढ्यात ठेवला.

"घ्या मावशी. आता ह्याला म्हणावं, सबब संपली."

भिंतीला धरून म्हातारी उठून बसली. आठवडाभर ती बसली नव्हती.

जोतीरामनं व्हॉल्व्ह उजेडात धरला. फिरवून फिरवून बघितला.

"ह्यो त्यो न्हवं, हंबीरराव."

"नंबर जुळतोय की रं."

"जुळतोय. पर ह्यो त्यो न्हवं."

म्हातारीनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. "मग दुसरा बघशील न्हवं, जोत्या?"

"बघतो की, आये."

हंबीरराव जो उठला, तो त्या दुकानाची पायरी परत चढला नाही. गावभर सांगत सुटला, की यंत्र आतून चालूच असणार, नाहीतर आणलेला व्हॉल्व्ह कोण नाकारतो? मेलेली कुजबुज पुन्हा उठून चालू लागली. धोंडुबाई त्याच सालच्या थंडीत गेली. जोतीरामनं आधी आईला अग्नी दिला, मग दर्भाच्या गुंडूला. पंचगंगेवरून परतताना मी, सवयीप्रमाणं, आता रे कुणाशी बोलणार म्हणून त्याला टोचलं. तेव्हा त्यानं सांगितलं.

ते यंत्र बोलत नाही, फक्त ऐकतं. शाहूपुरीत ते एकदाही चालू झालं नाही. हंबीररावनं आणलेला व्हॉल्व्ह बरोबर होता. गुंडूची बोट बुडाली त्या दिवशी जोतीराम शेजारच्या बोटीवर असल्याच यंत्रापाशी बसला होता, आणि तिची हाक बंद पडलेली त्यानं स्वतः ऐकली होती.