पिल्लू उठून कोणाकडे जातं

तारीख दहा डिसेंबर, वार रविवार. रक्कम साडेतीन हजार रुपये, रोख. हजर होतो मी, माझी बायको, आठवीत शिकणारी मुलगी आणि पिंगळी स्टेशनाजवळ राहणारा पिल्लाचा मालक. माझ्या सासूबाई हजर नव्हत्या. त्यांना तेव्हा आमच्याकडे कुत्रं येतंय हेही माहीत नव्हतं. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

पिल्लू पंचेचाळीस दिवसांचं, पिवळसर, कानांना किंचित तांबूस. घरात त्याला चार नावं पडली आणि चारही टिकली नाहीत, म्हणून इथे पिल्लूच म्हणतो.

मी सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब बघतो. परभणीहून सकाळच्या गाडीने जातो, संध्याकाळी सातला घरी येतो. कोणतंही काम वाटून, लिहून घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. पिल्लू आणलं त्याच दिवशी मी कामांचा तक्ता करून फ्रिजच्या दारावर चिकटवला. सकाळ-संध्याकाळचं खाणं आणि ‘बस’ शिकवणं मुलीकडे. दुपारचं खाणं आणि अंगावरून ब्रश फिरवणं बायकोकडे. अंघोळ, कान साफ करणं, नखं कापणं, जंताचं औषध, इंजेक्शन आणि स्वयंपाकघरात घुसलं तर बाहेर काढणं माझ्याकडे. नको ती कामं घरातल्या कर्त्या माणसाने घ्यावीत, असा माझा विचार होता. वाटणी योग्य झाली असं तेव्हा वाटलं होतं.

तिघांनी मिळून करायचं काम एकच होतं, पिल्लाला जगाची सवय लावणं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की लहानपणी जे बघेल, ऐकेल त्याला ते मोठेपणी घाबरणार नाही. मात्र सगळी इंजेक्शनं होईपर्यंत रस्त्यावर खाली सोडायचं नाही. म्हणून दर रविवारी आम्ही त्याला कडेवर घेऊन निघायचो. कुकरच्या शिट्ट्या घरीच झाल्या. शेळ्या, बैलगाडी, लग्नाचा बँड, शाळा सुटतानाचा गोंगाट एकेक करून झालं. मी वहीत खुणा करत गेलो. पिंगळीच्या फलाटावर मालगाडी दाखवायला नेलं तेव्हा पिल्लू माझ्याच हातात होतं. डबे धडधडायला लागले तसं ते माझ्या हातातून सुटायला धडपडलं आणि शेजारी उभ्या असलेल्या बायकोच्या अंगावर जवळजवळ उडीच मारली. तिने पदरात घेतलं, तसं गप्प झालं.

“तुम्ही घट्ट धरता,” ती म्हणाली.

“पडू नये म्हणून धरतो.”

“तेच म्हणते मी.”

महिन्याभरात ‘बस’ म्हटलं की पिल्लू मुलीसमोर बसायचं. बायकोसमोर बसायचं. माझ्यासमोर बसायच्या ऐवजी फरशीला चिकटायचं आणि तिथेच मुतायचं. संध्याकाळी दारात माझी चप्पल वाजली की पलंगाखाली. मुलगी हसून म्हणायची, “पप्पा, तुम्ही आत येताना खोकू नका हो, त्याला कळतं.” स्वतःच्या घरात खोकला दाबून शिरणारा मी बहुतेक एकटाच असेन.

जानेवारीच्या पाच तारखेला सासूबाई आल्या. त्यांना मी मामी म्हणतो. सोनपेठ तालुक्यातल्या खेड्यात राहतात, वय एकाहत्तर, एक म्हैस आणि चार एकर कोरडवाहू. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा होता. आठ तारखेला ऑपरेशन झालं आणि महिनाभर आमच्याकडे राहायचं ठरलं. त्यांच्या पिढीत लेकीच्या घरचं काही फुकट घेत नाहीत. येताना त्या दहा किलो ज्वारी, पाच किलो तुरीची डाळ आणि तुपाची बरणी घेऊन आल्या होत्या, म्हणजे त्यांचं महिन्याचं खाणं आगाऊ जमा झालं होतं.

पिल्लू बघून त्या म्हणाल्या, “साडेतीन हजार? पाव्हणं, आमच्या गावात या, पोतंभर कुत्री देते. वरून पोतं बी देते.”

पाचव्या दिवशी पिल्लू त्यांच्या पलंगाला टेकून झोपायला लागलं. तक्त्यात त्यांचं नाव नव्हतं, त्यांना एकही काम नव्हतं. काळा चष्मा लावून बसायच्या, जेवताना चतकोर भाकर कुस्करून खाली धरायच्या. खाण्याच्या ठरलेल्या वेळांशी त्यांचा काही संबंध नव्हता.

“मामी, त्याला मधे मधे काही द्यायचं नसतं. तक्त्यात लिहिलंय.”

“मला आता वाचाया कुटं येतंय? डोळ्याला पट्टी हाय.”

पट्टी दुसऱ्याच दिवशी निघाली होती. आणि त्यांना वाचायला एरवीही येत नव्हतं.

मला हेवा वाटत होता. दुसरा सभ्य शब्द शोधत बसत नाही. मामी चोवीस तास घरी, मी तेरा, त्यातले सात झोपेत. एवढा फरक धरूनसुद्धा मला ते पटत नव्हतं. शेवटी मी एक आठवडा नोंद ठेवली. मी घरी असताना पिल्लू झोपेतून उठून पहिल्यांदा कोणाकडे जातं, एवढंच लिहायचं. सात दिवसांत सव्वीस नोंदी झाल्या. मामी चौदा, मुलगी सात, बायको चार, मी एक. त्या एका वेळीही माझ्या खांद्यावरच्या टॉवेलचं टोक लोंबत होतं, ते ओढायला आलं होतं.

बायकोला ते पान सापडलं. “हे माझ्या आईचे मार्क आहेत का?” तिने विचारलं. मी जिनिंगचे आहेत म्हणालो.

तेवीस जानेवारीला तिसरं इंजेक्शन होतं. त्या दिवशी मी जे केलं ते इथे लिहितो, कारण घरात अजून मी ते तोंडाने कबूल केलेलं नाही. मी असा विचार केला की पहिली दोन इंजेक्शनं माझ्या हातात झाली म्हणून पिल्लू मला घाबरतं. तिसरं मामींच्या हातात होऊ दे. मामींना महिनाभर वाकायचं आणि वजन उचलायचं नव्हतं. पण बसून मांडीवर काही घ्यायला मनाई नव्हती. हे मी आदल्या दिवशी डोळ्यांच्या दवाखान्याच्या कागदावर नीट तपासून घेतलं.

“मामी, चला तुम्ही पण. तुमच्याकडे शांत राहतं ते.”

“येते की. घरात बसून कटाळा आलाय.”

जनावरांच्या डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे विचारलं, “धरणार कोण?” मी मामींकडे बोट दाखवलं आणि फाइल घेऊन दाराशी जाऊन उभा राहिलो. मामी खुर्चीत बसल्या, मी पिल्लू त्यांच्या मांडीवर ठेवलं, त्यांनी त्याचं तोंड काखेत घेतलं आणि पाठीवर थापटत राहिल्या. सुई गेली तसं ते एकदाच केकाटलं. मग डोकं बाहेर काढून त्याने खोलीभर बघितलं, दाराशी मला बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा भुंकलं. माझ्यावर. दोनदा. मग परत मामींच्या पदराखाली.

डॉक्टर हसले. “हुशार आहे.”

मामी म्हणाल्या, “टोचताना ज्याच्या मांडीवर असतंय ना, लेकरू त्यालाच बिलगतंय. हिला डोस पाजायला नेत होते, तवा हिचा बाप दूर उभा राहायचा अन् ही घरी येऊन बापालाच बोचकारायची.”

हिला म्हणजे माझ्या बायकोला. पहिल्या दोन वेळी मी पिल्लाला टेबलावर दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं, कापसाचं गाठोडं धरावं तसं. मांडीवर घ्यायचं मला सुचलं नव्हतं. रिक्षात मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो. मागे वळून बघितलं नाही.

पुढच्या आठवड्यात पिल्लू माझ्या ताटाजवळूनही जाईनासं झालं. मामी अंगणात फेऱ्या मारायच्या तेव्हा ते त्यांच्या टाचेला टाच लावून चालायचं. दोरी नाही, बिस्कीट नाही. मी मोबाइलवर बघून, डाव्या हातात दोरी आणि उजव्या हातात पनीर घेऊन, वीस दिवस हेच शिकवत होतो. पनीर एकूण सहाशे ग्रॅम. ते मी पिल्लाच्या खर्चात धरलेलं नाही.

चार फेब्रुवारीला, रविवारी, मामी निघाल्या. दहाची सोनपेठ गाडी होती. पिशवी दारात ठेवली, तर पिल्लू जाऊन पिशवीवर बसलं. मुलीने उचललं, परत जाऊन बसलं. तीनदा असं झालं. सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. मी म्हणालो, “मामी, एवढं आहे तर घेऊनच जा त्याला.”

मुलीचं हसू तिथेच थांबलं. “पप्पा?”

“त्याला आपल्याकडे राहायचंच नाही. कशाला ठेवायचं?”

“अहो, काय बोलताय?” बायको म्हणाली. “ती रोज शाळेतून पळत येते त्याच्यासाठी.”

मुलगी रडायला लागली. मामी पायरीवर बसल्या. काळा चष्मा काढून त्यांनी माझ्याकडे बघितलं, नव्या डोळ्याने.

“फुकट न्यायची न्हाई मी. लेकीच्या घरचं फुकट नेत न्हाईत. किती झाले सगळे?”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण आकडा विचारला की माझ्या तोंडून आकडा निघतो. “सात हजार एकशे चाळीस. पिल्लू साडेतीन हजार, इंजेक्शनं एकवीसशे, औषध एकशेवीस, पट्टा-साखळी तीनशे ऐंशी, भांडं दीडशे, खाऊ आठशे नव्वद. दूध धरलेलं नाही.”

“अहो!” बायको ओरडली.

“असू दे गं. इचारलं तवा सांगितलं त्येंनी.” मामींनी कमरेची पिशवी सोडली, तिकिटापुरते बाजूला काढले आणि माझ्या हातावर चोवीसशे मोजले. “बाकीचे हरभरा इकला की देते. आता हे मपलं कुत्रं, माज्या मालकीचं. बरूबर?”

मी हो म्हणालो.

“मग ऐका. मपलं कुत्रं मी मपल्या नातीपाशी ठिवून चालले. सांभाळायचं तुमी. नखं काढायची न्हाईत, ती दवाखान्यात काढू द्या. अंघोळ पोरगी घालील. सांजची भाकर तुमी घालायची, खाली बसून. खुर्चीवरून न्हाई.”

“पण तक्ता—”

“त्यो फाडा. सुई तुमी टोचवता, कानात तुमी घालता, पाण्यात तुमी बुडवता. तुमच्याकडं यायला त्याला काय कुत्रं चावलंय?”

मुलगी रडता रडता हसली. रिक्षा आली. बसताना मामी खालच्या आवाजात मला एकट्यालाच म्हणाल्या, “त्या दिवशी मला कामून धरायला लावलं, ते कळलं न्हाई असं समजू नका. मोतीबिंदू डोळ्याला झाला होता पाव्हणं, डोक्याला न्हाई.”

मी त्यांची पिशवी रिक्षात ठेवली.

त्या संध्याकाळपासून साडेसातला मी फरशीवर बसायला लागलो. चतकोर भाकर दुधात कुस्करायची आणि भांडं गुडघ्याजवळ ठेवायचं. पहिले चार दिवस पिल्लू लांबूनच मान ताणून घास उचलायचं आणि पलंगाखाली नेऊन खायचं. पाचव्या दिवशी भांड्यातच खाल्लं. अकराव्या दिवशी खाऊन झाल्यावर निघून गेलं नाही. हनुवटी माझ्या पावलावर टेकून पडून राहिलं. माझ्या पायाला मुंग्या आल्या. बायकोने दोनदा जेवायला हाक मारली. मी उठलो नाही.

नखांचं काम मी दवाखान्यातल्या मदतनिसाला दिलं आणि त्या वेळी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो. बाहेर आल्यावर पिल्लाने मुलीच्या हातातली दोरी ओढत मला गाठलं. बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू. पण पावणेआठला मामींचा फोन यायचा. “मपलं कुत्रं जेवलं का?” एवढं स्पीकरवर ऐकू आलं की पिल्लू माझ्या गुडघ्याजवळची भाकर तशीच सोडून फोनभोवती फिरायचं, फोनच्या मागे वास घ्यायचं. उत्तर मलाच द्यावं लागायचं. “जेवतंय, मामी.” हिशेबाने ते तेव्हा एक तृतीयांशाहून थोडं जास्त त्यांचं होतं. बाकीचं माझं. हरभऱ्याला भाव कमी राहावा, असंही एकदा मनात येऊन गेलं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात चष्म्याचा नंबर काढायला मामी आल्या. पिल्लू फाटकापर्यंत धावलं आणि लोळण घेतली. अपेक्षा होतीच. चहा झाल्यावर त्यांनी पैसे काढले.

“मामी, राहू द्या हो. बाकीचे नकोत.”

“न्हाई. अर्धं कुत्रं कुणी ठिवतं का?”

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मुलगी पिल्लाचे कान चोळत बसली होती. मी मोजून घेतले. चार हजार सातशे पन्नास होते, यायचे होते चार हजार सातशे चाळीस. मी आत जाऊन सुटे शोधले आणि मामींच्या हातावर दहाची नोट आणि एक रुपयाचं नाणं ठेवलं.

त्यांनी नाणं बोटाने बाजूला केलं. “ह्यो कशाचा?”

“एक रुपया कमी घेतला मी.”

“कामून?”

“तेवढा वाटा माझ्याकडे राहू द्या.”

मामींनी पिल्लाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग नोट आणि नाणं दोन्ही कमरेच्या पिशवीत टाकून पिशवीचं तोंड आवळलं. म्हणजे मला त्यांच्याकडून मिळाले दोन वेळचे मिळून सात हजार एकशे एकोणचाळीस, आणि शेवटी मी मामींना परत दिले, सुट्या पैशांत, रुपये अकरा.