सिस्टरचा फोटो

आमच्या परळच्या चाळीत तिला सगळे सिस्टर म्हणायचे. महापालिकेच्या इस्पितळात पस्तीस वर्षं नोकरी करून ती निवृत्त झाली होती, पण चाळीच्या लेखी तिची ड्युटी संपलीच नव्हती. कुणाचाही रिपोर्ट आला की आधी तिच्याकडे जायचा आणि मग डॉक्टरकडे. ती बौद्ध, आम्ही मालवणकडचे. पौर्णिमेला तिच्याकडची खीर आमच्याकडे यायची, गणपतीत आमचे मोदक तिच्याकडे. माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा शेवटपर्यंत तिचं सगळं सिस्टरने केलं, आणि तेही कुणी न सांगता. बाबा त्या दिवसांबद्दल कधी बोलत नाहीत, पण सिस्टर गॅलरीतून जाताना दिसली की खुर्चीतून उठून उभे राहायचे.

मी जाहिरात कंपनीत कॉपी लिहिते. म्हणजे चित्राखाली किंवा चित्रावर जी एक-दोन वाक्यं असतात, ती माझी. चार वर्षांपूर्वी आमच्याकडे कारल्या-जांभळाच्या पावडरीचं काम आलं. साखर आटोक्यात राहते, असं पावडर बनवणाऱ्या कंपनीचं म्हणणं. औषध म्हणून विकायची परवानगी नव्हती, त्यामुळे तसं लिहायचं नव्हतं. वाटायला मात्र तसंच हवं होतं.

मीटिंगमध्ये बॉस म्हणाले, "हिरो-हिरॉइन नको. पैसे घेऊन बोलतात हे आता सगळ्यांना कळतं. आणि भीतीही नको. या लोकांना डॉक्टरांनी आधीच पुष्कळ घाबरवलंय. आपण आधार द्यायचा. शेजारपाजारचं कुणीतरी हवं, ज्याचं ऐकावंसं वाटेल असं."

"माझ्या शेजारी एक निवृत्त नर्स आहे," मी म्हणाले. मला कुणी विचारलं नव्हतं. मीच म्हणाले.

सिस्टर आली ती माझ्या शब्दाखातर. मानधन नको म्हणाली. प्रभादेवीच्या स्टुडिओत तिचे काळे-पांढरे केस आणखी पांढरे केले, तिला चष्मा लावला, अंगावर पांढरा कोट चढवला.

"कोट डॉक्टर घालतात," ती म्हणाली. "मी नर्स होते."

"आजी, नुसता पांढरा रंग हवाय, फोटोत उठून दिसतो," फोटो घेणारा म्हणाला. मग त्याने टेबलाच्या कोपऱ्यावर स्टेथोस्कोप ठेवला. गळ्यात घातला असता तर तिने काढून टाकला असता. टेबलावर होता म्हणून ती काही बोलली नाही. तिला पावडर घातलेलं पाणी प्यायला दिलं. ती म्हणाली, "चव बरी आहे. कडू कमी लागतंय." दिवसभरात ती पावडरीबद्दल एवढंच बोलली.

सहीचा कागद इंग्रजीत होता. तिने विचारलं, "यात काय लिहिलंय गं?"

"फोटो वापरायची परवानगी. बाकी काही नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि न वाचता सही केली.

मी दोन दिवस बसून ओळ लिहिली: 'पस्तीस वर्षं रुग्णांची सेवा केली. आज माझ्या माणसांना मी हेच देते.' त्यात औषध हा शब्द नाही, साखर हा शब्द नाही. पण एकदा 'रुग्ण' वाचल्यावर पुढचं वाचणारा मनात स्वतःच भरतो, आणि जे आपण स्वतः भरलं त्याच्यावर कुणी शंका घेत नाही. न लिहिलेलं वाचलं जावं, याचाच मला पगार मिळतो. तळाला 'हे औषध नव्हे' अशी ओळ टाकणं भाग होतं. ती पांढऱ्यावर फिकट करड्या रंगात, मुंगीएवढ्या अक्षरांत टाकली. ऑफिसात टाळ्या वाजल्या.

दादरच्या बसस्टॉपवर जाहिरात लागली तेव्हा आधी चाळीला केवढा अभिमान! पोरांनी फोटोसोबत फोटो काढले. सिस्टर आठवड्याने माझ्याकडे आली. दारातच उभी राहिली.

"हे मी कधी बोलले?"

"जाहिरातीत थोडंफार असंच असतं, सिस्टर."

"मी कुणाला दिली पावडर? कुठल्या माझ्या माणसांना?"

मी तिला आत बोलावलं, ती आली नाही.

"खोटंच लिहायचं होतं तर माझा फोटो कशाला घेतलास? तुझा लावायचास."

काढून टाकायला सांगते, असं मी म्हणाले. सांगितलं नाही. बढतीचं चाललं होतं आणि पावडर खपत होती. सिस्टरने दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मी "बघते" म्हणाले. त्यानंतर तिने विचारणं सोडलं, माझ्याशी बोलणंही.

मग एक दिवस भांड्यांच्या फळीवर, चहाच्या डब्यामागे मला पावडरीचा डबा सापडला. बाबांना बरीच वर्षं मधुमेह आहे. गोळ्यांची पाकिटं उघडून पाहिली तर तशीच भरलेली.

"बाबा, गोळ्या बंद केल्यात?"

"पित्त होता त्या गोळ्यांनी. ह्यां बरां आसा."

"अहो, जाहिरातीतली ती ओळ मी लिहिलीय! मी! सिस्टर असं काही बोललेल्याच नाहीत."

बाबा शांतपणे हसले. मी काहीतरी हट्ट करते आहे असं समजून ते असेच हसतात. "तू लिवलं असशील. पण फोटो तिचो आसा मां? तुझ्या आवशीचां सगळां तिनाच केल्यान. ती खोटां बोलाची नाय."

मी तासभर समजावलं. शेवटी ते "घेतंय गोळ्यो" म्हणाले. दोन खोल्या सोडून सिस्टर राहत होती. तिला हाक मारून आणलं असतं तर एका वाक्यात काम झालं असतं. पण तिला तोंड दाखवायची माझी हिंमत नव्हती. मी डबा कचऱ्यात टाकला आणि विषय संपवला. बाबांनी दुसरा आणला, हे मला कळलं नाही.

पायाच्या करंगळीला चप्पल लागून फोड आला होता. तो त्यांनी मोजा घालून लपवला. घरात कसला तरी वास येत होता. मला वाटलं, मोरीचा असेल. सिस्टर एका सकाळी पाणी भरून आमच्या दारावरून जात होती. ती थबकली. बादली खाली ठेवून, मला काही न विचारता, आत आली.

"पाय दाखवा."

"काय नाय, सिस्टर, वायच लागलां."

तिने स्वतः खाली बसून मोजा उतरवला. करंगळी काळी पडली होती. तिने विचारलं, "गोळ्या घेता ना?" बाबांनी उशीखालून डबा काढून तिला दाखवला. शाबासकी मिळेल अशा चेहऱ्याने दाखवला. डब्यावर सिस्टर हसत होती.

तिने डबा घेऊन बाजूला ठेवला. मग म्हणाली, "टॅक्सी बोलाव." एवढंच.

दोन बोटं काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, पाय वाचला हे नशीब.

बाबा इस्पितळात असतानाच मला ऑफिसातल्या एकाचा फोन आला. दादरच्या स्टॉपवर एक बाई तमाशा करतेय म्हणे, आपल्या जाहिरातीसमोर. मी गेले. सिस्टर स्वतःच्या फोटोखाली उभी होती. भर दुपारी, नेहमीच्या सुती साडीत. बसची वाट बघणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "ही पावडर घेऊन गोळ्या बंद करू नका. हे मी बोललेले नाही. हा फोटो माझा आहे."

लोक फोटोकडे बघायचे, मग तिच्याकडे. घामेजलेला चेहरा, विस्कटलेले केस, चष्मा नाही, कोट नाही. एक गृहस्थ समजुतीने म्हणाले, "आजी, त्या डॉक्टरबाई आहेत. तुम्ही घरी जा."

"मी डॉक्टर नाही. त्या फोटोतली पण डॉक्टर नाही."

"बरं बरं," ते म्हणाले आणि बस आली म्हणून गेले. एका मुलीने मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढला आणि हसली.

मी रस्त्याच्या पलीकडे होते. ओलांडून जायला दोन मिनिटंसुद्धा लागली नसती. 'या खरं बोलतायत, ते वाक्य माझं आहे,' एवढं म्हटलं असतं तर निदान पाच-सहा माणसांनी ऐकलं असतं. मी उभी राहिले. ती साधारण तासभर बोलत होती. मग थकून स्टॉपच्या बाकावर बसली, आणि मी ऑफिसला परत गेले.

जाहिरात तीन महिन्यांनी उतरली, तीही करार संपला म्हणून.

बाबांना घरी आणल्यावर मी सिस्टरकडे गेले. माफी मागायची म्हणून वाक्यं तयार केली होती, चांगली होती. तिने ती पुरी बोलूही दिली नाहीत.

"सही घेतलीस तेव्हा तुला माहीत होतं, काय लिहिणार ते?"

"ओळ ठरली नव्हती. पण साधारण... हो."

"मग जा."

आता कुणी रिपोर्ट घेऊन गेलं की ती हातसुद्धा लावत नाही. "डॉक्टरला विचारा," म्हणते आणि दार लोटते. खालच्या मजल्यावरच्या बाईंना छातीत दुखत होतं, तर त्या रात्र काढून सकाळी दवाखान्यात गेल्या, कारण सिस्टरला विचारण्यात अर्थ नाही. थोडक्यात वाचल्या. बाबा मला काही बोलले नाहीत. ते तिच्यावरच चिडून आहेत. तिने आपल्याला फसवलं, असं त्यांना वाटतं. मी कितीही वेळा सांगितलं तरी त्यांना ते पटत नाही, आणि हल्ली मी सांगतही नाही.

मला बढती मिळाली. नव्या मुलांना मीच शिकवते, चेहरा कसा निवडायचा ते.