अंगणाचे उघडे सांधे

एप्रिल १९९५चा शेवटचा रविवार. अष्टमी गावातल्या आमच्या घराच्या अंगणाला सिमेंटचा कोबा करायचं त्या सकाळी ठरत होतं. अंगण वीस फूट बाय तीस, दर चौरस फुटाला अकरा रुपये, म्हणजे सहा हजार सहाशे. हजर माणसं चार: मी, बायको, गवंडी आणि न बोलावता कुंपणापलीकडून आलेले शेजारी. त्यांना आम्ही भाई म्हणायचो. मस्कतला अकरा वर्षं नोकरी करून ते नुकतेच कायमचे परतले होते.

कोब्याचा हट्ट बायकोचा होता आणि तो रास्त होता. दर पावसाळ्यानंतर अंगण चोपायचं, मग वर्षभर सारवायचं, ते सगळं तिच्या कमरेवर. भाईंची काळजी वेगळी. दोन्ही घरांना विहीर एकच, कुंपणालगतची. मे अखेरीस तिचा तळ दिसायचा, आणि पुढच्याच मे महिन्यात त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, दारात मांडव घालून.

"वहिनी, कोबा केलात की सगळा पाणी गटारातून नदीत. विहिरीत काय येनार?"

"भाई, हितं काय पावसाला तोटा हाय?" गवंडी हसला.

"तोच तर घोटाळा! मस्कतला पाऊस कधी तरी पडतो. म्हणून आमच्या सायबानं झाडांची जमीन रस्त्यापेक्षा खोल ठेवली होती, पडेल तो थेंब तिथंच मुरायचा. इथं चार महिने कोसळतो, नि मे मधी आपन बादलीभर गाळ काढतो."

त्यांच्या पडक्या कुंपणाचे जांभ्याचे चिरे परसात पडून होते. भाईंनी सुचवलं, ते आमच्या अंगणात वाळूवर बसवायचे, मध्ये अंगठ्याएवढ्या फटी ठेवायच्या, सिमेंट नाही. उतार विहिरीकडे, आणि तिथे उथळ खळगा करून त्यात आळू नि केळी. पागोळ्यांचं पाणीही तिकडेच वळवायचं.

"सारवायला लागेल?" बायकोने एवढंच विचारलं.

"नाय."

"मग माझं काही म्हणणं नाही."

वाळूचे सहाशे. गवंड्याचे आठ दिवस, एकशे वीसप्रमाणे नऊशे साठ. धाटावच्या कंपनीत मला दुसरी शिफ्ट होती, त्यामुळे सकाळी हाताखाली मीच. एकूण पंधराशे साठ! मी दोनदा बेरीज केली.

काम आठव्या दिवशी संपलं. नवव्या दिवशी आम्ही दोघं पेणला साखरपुड्याला गेलो आणि दुपारच्या एसटीने परतलो, तर गवंडी अंगणात उभा. पायरीसाठी आणून ठेवलेल्या सिमेंटने त्याने एकूण एक फट भरून टाकली होती आणि विहिरीचं पाणी काढून वर शिंपडत होता.

"हे काय केलंस?"

"दर्जा भरल्या, सगळ्या फटी बंद. मजुरी नको, माज्याकडनं." तो खुशीत होता. "सांधे उघडे टाकून गेलो तर लोक बोलतील, ह्याला काम येत नाय. रस्त्यावरचं घर हाय, दादा!"

भाई आले, बघितलं आणि पायरीवर बसले. "अकरा वर्सांत इतका दयाळू मानूस नाय बघितला मी."

"ओलं आहे अजून," बायको म्हणाली आणि आतून उलथणं घेऊन आली. मी पेचकस घेतला, भाईंनी खुरपं. गवंडी तोंड फिरवून बिडी ओढत बसला. पण माझा पेचकस तिसऱ्यांदा चिऱ्यावर घसरला तेव्हा त्याला राहवेना.

"कडा फोडताय सगळ्या! सरा बाजूला. उलथन्यानं काय दर्जा काडतात होय, वैनी? पोळी हाय काय ती?"

दिवेलागणीपर्यंत त्याने सगळ्या फटी मोकळ्या केल्या, आणि बोलणी खाण्याचं काम आमच्याकडे राहिलं.

पुढच्या मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी दोरीला दगड बांधून विहीर मापली. साडेचार फूट पाणी. आदल्या वर्षी त्याच सुमाराला जेमतेम दोन होतं. पाऊस त्या वर्षी बरा झाला होता, त्यामुळे सगळं श्रेय मी अंगणाला देत नाही. पण लग्नाच्या दोन्ही पंगती त्याच विहिरीवर उठल्या.

मांडव सुटला त्या संध्याकाळी भाईंनी गवंड्याला बोलावून घेतलं. दोन टँकरसाठी बाजूला ठेवलेले सातशे रुपये तसेच राहिले होते. ते त्यांनी माझ्यासमोर त्याच्या हातावर ठेवले, स्वतःच्या अंगणाच्या कामाचा विसार म्हणून.