चारुलताबाईंनी घासलेली झांज

चारुलता साठे यांना काळपटलेलं पितळ बघवत नसे. चौतीस वर्षांपूर्वी नवऱ्याच्या रेल्वेतल्या नोकरीपायी त्या कराडहून लखनौला आल्या, तेव्हा सामानात चिंचेचा एक डबा होता. तो अजून कधी रिकामा झालेला नाही. दरवर्षी गणपतीच्या आधी मराठी मंडळाच्या समया, ताम्हनं, घंटा रिक्षात बसून वृंदावन योजनेतल्या त्यांच्या फ्लॅटवर येत आणि दुसऱ्या दिवशी लखलखीत होऊन परत जात. मंडळात त्यांना कुणी कधी भाषणाला बोलावलं नाही, की गाण्याला. पण 'साठेकाकूंच्या हातची समई' म्हटलं की लोक मान डोलावत. एवढी एक गोष्ट आपल्याला चोख येते, याचा त्यांना मनापासून अभिमान होता. नवरा, शरदराव, म्हणत, "ही मला आंघोळीला चिंच लावत नाही, हेच माझं नशीब."

फेब्रुवारीत मुलाचं, निनादचं लग्न झालं. सून स्वरदा इथल्याच एका मराठी शास्त्रज्ञाची मुलगी. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत. ती शाळेत संगीत शिकवायची आणि ड्रम वाजवायची. ड्रमचा संच घरात आला त्या दिवशी चारुलताबाईंनी कानात घालायला कापसाचे बोळे वळून ठेवले होते. ते लागलेच नाहीत.

त्याला कारण संचातली एक पातळ झांज. स्वरदा तिला सिंबल म्हणे. इतकी पातळ, की कड बोटाने दाबली तर लवायची. जाड झांज टणकन बोलते आणि बोलतच राहते. ही मात्र काठीने नुसती डिवचली तरी फुलायची, तापल्या तव्यावर पाण्याचा हात फिरवल्यासारखी चर्रकन, आणि शेजारच्या सरोजभाभींच्या कपाळाला आठी पडायच्या आत विरूनही जायची. "आई, मोटी वाली को चिल्लाके बुलाना पड़ता है," स्वरदाने समजावलं होतं, "पतली वाली इशारे से आ जाती है." ओळ संपली की हिचा एक हलका फटकारा. गाणं चढायला लागलं की मऊ बोंडांच्या काठ्यांनी हिच्यावर हळूहळू वाढवत नेलेली सळसळ. दुपारी भाजी निवडताना चारुलताबाईंचे कान त्या आवाजाची वाट बघू लागले. सुनेला त्यांनी हे सांगितलं मात्र नव्हतं.

झांज स्वरदाच्या गुरूंची, डेन्झिल सरांची. छावणीतल्या मेसच्या पार्ट्यांना त्यांनी ती चाळीस वर्षं वाजवली होती. आता हात थरथरतात, म्हणून लग्नात त्यांनी ती स्वरदाला दिली. गडद तपकिरी, डागाळलेली, बोटांच्या ठशांनी भरलेली. येत्या रविवारी सर ती ऐकायला घरी येणार होते.

आणि इथेच घात झाला. गुरू घरी येणार आणि सुनेचं वाद्य असं कळकट? गुरुवारी स्वरदा शाळेत गेल्यावर चारुलताबाईंनी झांज खाली उतरवली, मोरीपाशी पाट घेतला, आणि ओंजळभर चिंच, मीठ, काथ्या यांनिशी दोन तास तिच्यावर राबल्या. झांज सोन्यासारखी झाली. सूनबाईला कसं सांगावं, याच्या आनंदात त्या जेवायच्या राहिल्या.

स्वरदा आली. झांज बघून दारातच थांबली. मग काठी घेऊन तिने एक हलका फटका मारला. ते चर्र गेलं होतं. देवघरातल्या घंटेसारखं काहीतरी किणकिणत राहिलं, थांबेचना.

"अच्छा... ठीक है, आई. आपने इतनी मेहनत की," एवढं बोलून ती आत गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं चारुलताबाईंना वाटलं.

शरदरावांनी इंजिनियरच्या थंडपणाने उलगडून सांगितलं. "अगं, इतक्या पातळ पत्र्यावर चाळीस वर्षांचं किटण बसलं होतं. त्यानेच आवाज दबायचा. तू किटण काढलंस, त्याबरोबर तो आवाजही गेला."

दोन दिवस ड्रम मुका होता. चारुलताबाईंच्या घशाखाली घास उतरेना. आयुष्यभर जे एक येत होतं, त्यानेच सुनेच्या गुरूची आठवण आपण पुसून टाकली, हे त्यांना सहन होईना.

रविवारी डेन्झिल सर काठी टेकत आले. झांज बघून त्यांच्या भुवया वर गेल्या.

"सर, मैंने साफ़ कर दिया. गलती हो गई," स्वरदा पटकन म्हणाली.

चारुलताबाई चहाचा ट्रे घेऊन येत होत्या. त्यांनी ट्रे तसाच टीपॉयवर आदळला. "नाही, नाही! सर, ये झूठ बोलती है. ये काम मेरा है. इमली से घिसा मैंने."

सरांनी थरथरत्या हाताने झांज वाजवली. डोळे मिटले. किणकिण संपेपर्यंत ते ऐकत राहिले आणि मग चक्क खदखदून हसले.

"उन्नीस सौ छियासी में मेरी मिसेज़ ने यही किया था. राख से. छह महीने मैंने उससे ढंग से बात नहीं की, ऐसा बेवकूफ़ था. तब बिल्कुल यही आवाज़ थी." त्यांनी झांजेच्या कडेवरून बोट फिरवलं. "फिर अपने आप उतर आई. बजाओ, हाथ लगाओ, पसीना लगने दो. दो-तीन साल में पुरानी वाली लौट आएगी. और तब तक मैं ये वाली सुनूँगा. बहुत दिन बाद सुनी है."

चारुलताबाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्यांना रडू आणि हसू एकदमच आलं. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांना भूक लागली होती.

स्वरदाने त्यांच्या हातात ड्रमची काठी दिली. "चलो आई. आज से रोज़ आप भी."

"मी? अगं, मला कुठे येतं?"

"इशारे से आ जाती है, बताया था ना?"

चारुलताबाईंनी एका हाताने कड धरून पाहिली, सोडली आणि हलकेच काठी मारली. झांज किणकिणत फुलली. कडेवर त्यांच्या अंगठ्याचा चिकट ठसा उमटला होता. सवयीने त्यांचा हात पदराकडे गेला. त्यांनी पदर तसाच खाली सोडला आणि काठी पुन्हा उचलली.