इम्रानचा पाण्याचा मेसेज

भांडणं सोडवणं हा निलोफरचा रोजचा धंदा होता. आठवीच्या पोरांना कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईला दुसरं काय करायचं असतं? पण दोन लायब्रऱ्यांचं भांडण सोडवताना तिच्या नाकी नऊ आले.

भांडण होतं तिच्या नवऱ्याच्या प्रोग्रॅममधलं. इम्रानला जाऊन वर्ष उलटलं होतं. चहा पिता पिता छातीत कळ आली आणि कप खाली ठेवायच्या आत माणूस संपला. मागं राहिला तो हा प्रोग्रॅम.

कटकट गेटजवळच्या त्यांच्या गल्लीत नळाला पाणी आठवड्यानं येतं, आणि नेमकं कधी ते खुदा जाणे. बायका कामं बुडवून नळापाशी बसायच्या. इम्रानला त्यांची दया आली असं कुणी समजू नये. त्याला स्वतःला बसायचा कंटाळा होता. आळस हाडीमासी मुरलेला, पण डोकं तल्लख. त्यानं पालिकेच्या पाण्याचा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कचरूशी दोस्ती केली. पाणी सोडलं की कचरूनं एका नंबरावर मिस्ड कॉल द्यायचा आणि प्रोग्रॅमनं घरोघर मेसेज धाडायचा.

मेसेजही साधा नाही. त्यासाठी इम्राननं स्वतःची एक लायब्ररी लिहिली होती. लायब्ररी म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, कुणाही प्रोग्रॅमनं उचलून वापरावा असा. त्याच्या गठ्ठ्यात वाक्यांचे तुकडे भरलेले होते. घर आणि वेळ बघून ते जोडले जायचे, कुणाला मराठीत, कुणाला उर्दूत, कधी चिडवत, कधी दटावत. त्याच्या आईला, सगीराला, एकच मेसेज दोनदा आल्याचं आठवत नव्हतं. पोरगा कबरीत गेला तरी मेसेज येत राहिले. ती चष्मा लावून वाचायची आणि एका बोटानं उत्तर लिहायची, ‘भर ली बेटा’. ते उत्तर वाचायला पलीकडं कुणी नव्हतं. निलोफर ते बघायची आणि ओट्याकडं तोंड फिरवायची.

अशात, ज्याच्या मशीनवर हा प्रोग्रॅम भाड्यानं चालायचा त्या सर्व्हरवाल्यानं कळवलं की जुनं मशीन बंद होणार, तुमचा प्रोग्रॅम कंटेनरमध्ये बांधून द्या. कंटेनर म्हणजे प्रवासाचा डबा. लागेल ते सगळं आतच भरायचं, वाटेत कुणाकडं मीठ मागायचं नाही. जुन्या मशीनवर इम्राननं काय जुगाड करून ठेवला होता ते त्यालाच ठाऊक. टिपण ठेवण्याचेही कष्ट त्यानं कधी घेतले नव्हते. निलोफर पहिल्यापासून भरायला बसली आणि पहिल्याच दिवशी अडली.

मेसेज पाठवणारी लायब्ररी आणि इम्रानची लायब्ररी, दोघींना अक्षरं हाताळणारी एक तिसरी लायब्ररी लागत होती. पाठवणारीला तिची नवी आवृत्तीच हवी, इम्रानच्या लायब्ररीला जुनीच. डब्यात जागा एकीलाच. जुनी घातली तर मेसेज बाहेर पडेना. नवी घातली तर इम्रानचा कोड जागच्या जागी कोसळायचा. दोन्ही घातल्या की पडद्यावर लाल ओळींचा पाऊस. एक डबा सोडून दोन करावेत, तर सर्व्हरवाला म्हणाला, एवढ्या पैशात एकच.

मग तिनं इम्रानचा कोडच नव्या लायब्ररीला जुळवून घ्यायचं ठरवलं. एक ठिगळ लावावं तर दहा ठिकाणी फाटायचं. शाळेतून आली की ती त्यालाच बसायची. भात करपला, पोरांचे पेपर तपासायचे राहिले. तिला इम्रानचा राग आला. मेलेल्या माणसावर रागावल्याची लाज वाटली, आणि लाज वाटूनही राग गेला नाही.

तेवढ्यात जुनं मशीन बंद झालं. त्या आठवड्यात पाणी आलं आणि गेलं, कुणाला पत्ता नाही. शेजारची भामाबाई धुण्याभांड्याला गेलेली, तिच्या घरात प्यायलाही थेंब राहिला नाही. कचरूचा फोन आला.

“ताई, म्या मिस्ड कॉल देतो, पर लोकाला कायबी जात नाय म्हणं. बायका मलाच शिव्या देतेत.”

शेवटी तिनं सत्यमला गाठलं. तो इम्रानचा जुना सहकारी, आता बिडकीनला नोकरीला. त्यानं सगळं बघितलं आणि मान खाली घातली.

“भाभी, इम्रानभाईची लायब्ररी काढून टाका. दुसरा रस्ता नाही.”

तो गेल्यावर ती मोरीत जाऊन, तोंडात पदर कोंबून रडली. मातीत एकदा घालून झालेल्या माणसाला पुन्हा कुणी आपल्याच हातानं घालायला सांगावं, तसं तिला झालं. पण भामाबाईचा कोरडा हंडा काही डोळ्यापुढून हलेना.

तिनं लायब्ररी काढली. कंटेनर निमूट बांधला गेला, जणू कधी काही तक्रारच नव्हती. कॉम्प्युटरला लाज नसते.

आता सगळ्या घरांना एकच मेसेज जाणार होता: पाणी आले आहे, भरून घ्यावे. फक्त सगीराच्या नंबरासाठी निलोफरनं एक ओळ आपल्या हातानं वेगळी लिहिली. सासूला कळू नये, एवढंच तिला हवं होतं.

रविवारी दुपारी पाणी आलं. गल्लीभर फोन वाजले, भामाबाईच्या घरातून हंड्यांचा आवाज आला. निलोफर नळाखाली हंडा लावून बसली. सगीरानं खाटेवर बसून चष्मा लावला आणि मेसेज वाचला. ‘अम्मी, पानी आया. भारी बालटी मत उठाना, मैं आके उठाता हूँ.’ पुन्हा वाचला. उत्तर लिहिलं नाही.

“ये तू लिखी ना?” तिनं विचारलं.

निलोफरनं नळाखालचा हंडा उगाच सरळ केला.

“इम्रान कब बालटी उठाया था?”

खोटं बोलायला निलोफरनं तोंड उघडलं, पण निघालं ते खरंच. जे झालं ते तिनं सांगितलं. त्याचं लिहिलेलं डब्यात बसत नव्हतं, अम्मी. लई प्रयत्न केले. मीच काढलं.

सगीरानं फोन मांडीवर पालथा ठेवला.

“मतलब अब वो नहीं लिखता.”

“नहीं, अम्मी.”

जनाजा उठला तेव्हा ही बाई रडली नव्हती. गल्लीनं तिच्या सबुरीची तारीफ केली होती. आता तिनं जो हंबरडा फोडला, त्यानं भामाबाई हंडा टाकून दारात आली आणि तिथंच थबकली. निलोफर ओल्या हातांनीच धावली आणि तिनं सासूला कवेत घेतलं. मागं नळ चालूच होता. हंडा भरून पाणी मोरीत वाहून जात होतं, आणि दोघींपैकी कुणीही उठलं नाही.