आफ्रिकेच्या तारखांचा फळा

आर्वीच्या एका वाचनालयात फळ्यावर दिनविशेष लिहिणारे काका फक्त आफ्रिकी लोकांच्या लढ्याच्या तारखा लिहीत. १ जानेवारीला आफ्रिकेतून नेलेल्या गुलामांनी स्वतंत्र केलेलं हैती, ६ मार्चला घानाचं स्वातंत्र्य. लिहून झालं की दोन पावलं मागे सरून स्वतःच मोठ्यानं वाचत. माझ्यासोबत भरतीचा अभ्यास करणारी पोरं हसायची.

"काका, तिकडं सोयरीक जमवून राह्यले काय?"

"माणसंच आहे ना बाप्पा ते. सोयरेच झाले."

२१ मार्चला त्यांनी शार्पव्हिल लिहिलं. दक्षिण आफ्रिकेत काळ्यांना कायम ओळखपत्र बाळगायला लावणाऱ्या पासच्या कायद्याविरुद्ध जमलेल्या निःशस्त्र लोकांवर तिथं पोलिसांनी गोळ्या झाडून कितीतरी माणसं मारली होती. त्याच दुपारी सचिवांनी सांगितलं की, उद्यापासून फळ्यावर क्लासची जाहिरात लागेल. संध्याकाळी मी एकटाच उरलो, तेव्हा काका जवळ आले.

"तू तं रोज वहीत उतरवून घेत होता. हे वाचून तुले काय वाटलं, सांग बरं."

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वाचायचं ते पाठ करायला, एवढंच मला ठाऊक होतं.

"परीक्षेत येईल म्हणून लिहून घेत होतो," मी खरं ते सांगितलं.

"बरं," ते म्हणाले आणि फळ्यावरच्या त्या मेलेल्या माणसांवरून त्यांनी ओलं फडकं फिरवलं.